तुमच्या गंगावनाची हकीकत

शंकर नगर, रायपूर
महाशिवरात्रीच्या आधीचा सोमवार

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

गोदावरीचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तितका, उरलेला मनातून). तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यात थेंब घालायची आठवण तुमचा लेक नीलकंठ ठेवतो का, की ‘मला आठवण कर’ अशी आठवण अजून तुम्हालाच त्याला करून द्यावी लागते? नागपुरात थंडी ओसरली असेल. इथे सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा. त्यामुळे घरात रोज एक भांडण फुकट मिळतं. बाकी आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं. खुशाल असते तर पत्र लिहायला कशाला बसले असते?

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. वन्सं, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे मी तुम्हाला गंधालीच्या आमटीबद्दल दोन शब्द सांगितले, तर तुमच्या बैठकीतून कुणीतरी परका पुरुष म्हणाला, “थोडा गूळ घालायला सांगा.” तो गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस होता, हे मला मागाहून कळलं. माझ्या सुनेच्या आमटीवर नागपूरचा गॅसवाला मत देतो, ही वेळ तुमच्या स्पीकरमुळे आली. व्हॉट्सॲपवर लिहावं तर नीलकंठ ते जेवायच्या टेबलावर खड्या आवाजात वाचून दाखवतो. म्हणून हे पाकीट. भिंग घ्या, दार लोटा आणि एकट्याने वाचा. विषय डोक्याचा आहे.

श्रावणीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत.

लिहिलं एकदाचं. भोसल्यांच्या कारभारात आपलं घराणं या गावात आलं. तेव्हापासून दुष्काळ झाले, प्लेग झाला, भाऊबंदकी झाली, माझ्या नोकरीत तर बँकेचं संगणकीकरणही झालं. पण उवा झाल्याचं कुणाच्या पत्रात वाचलेलं मला आठवत नाही. (तुम्ही म्हणाल, होत्या गं. असतील. पण त्या काळच्या माणसांना काय लिहावं आणि काय लिहू नये हे कळत होतं.)

उवा औषधाने जातील. दुखणं वेगळंच आहे. श्रावणी माझ्याशी बोलत नाही. तुम्हाला माहीत आहे, ही पोरगी मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. गेली नऊ वर्षं मी विचारते, “जेवलीस का?” आणि ती म्हणते, “हाँ, खा लिया.” मला त्याचा संताप यायचा. आता त्या ‘खा लिया’साठी मी दिवसभर कान देऊन बसते. जन्मल्यापासून ती माझ्या खोलीत, माझ्या उशीवर झोपते. आता गादी ओढत आईबापाच्या खोलीत गेली आहे, तिथे फरशीवर झोपते. आजीशी कट्टी. का, ते सांगते. चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा. तुम्ही न्यायाने बोलता (माझ्या बाजूने नसलात तरी).

सुरुवात तुमच्या गंगावनापासून होते. संक्रांतीनंतर आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू झालं आणि त्यात मुलींची वेशभूषा ठेवली होती, विषय ‘पणजीच्या काळच्या बायका’. कल्पना माझी. श्रावणीच्या वर्गातल्या आठ पोरी घेतल्या. मराठी सगळ्या नव्हत्याच. एक मारवाडी होती, दोन छत्तीसगढी, एक केरळची. नऊवारी सगळ्यांना नेसवता येते हो, पण अंबाडा कशाचा घालणार? आजच्या पोरींचे केस मानेपर्यंत येऊन थांबतात. तेव्हा मला तुमचं गंगावन आठवलं. तुमच्या स्वतःच्या केसांचं, विंचरताना गळालेला एकेक केस वर्षानुवर्षं जपून ठेवून त्याचं करवून घेतलेलं. तुम्ही मोठ्या मनाने पेटीतून काढून नीलकंठबरोबर पाठवलंत. डांबरगोळ्यांच्या वासासकट ते सुखरूप पोचलं. मी ते उन्हात टाकलं, तेल लावलं आणि कार्यक्रमाच्या सकाळी (नीट बसतं का, एवढंच पाहायला) एकदा स्वतःच्या डोक्याला लावून पाहिलं.

पोरी एकेक करून रंगमंचावर जाणार होत्या. त्यामुळे एका गंगावनात आठ अंबाडे भागले. पडद्यामागे मी आणि माझा कंगवा. गवळण उतरली की तिचा अंबाडा सोडून सुइणीला, सुइणीचा कोळणीला, कोळणीचा मास्तरणीला. केसांचे आकडे तेच, कंगवा तोच. शेवटी भाजीवाली होती पिंकी, श्रावणीची जिवाभावाची मैत्रीण. पुरानी बस्तीत राहते, आजीच सांभाळते तिला. तिने ‘वांगे घ्या, वांगे’ असा वऱ्हाडी हेल काढला की अख्ख्या मंडळाने टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर तिचा. माझ्या नियोजनाचं तर अध्यक्षीणबाईंनी माइकवर कौतुक केलं. एका गंगावनात आठ पिढ्या उभ्या केल्या म्हणाल्या. (किती पिढ्या उभ्या केल्या ते त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.)

मग काही दिवसांनी श्रावणीच्या शाळेतून निरोप आला की मुलीचं डोकं स्वच्छ होईपर्यंत तिला घरी ठेवा. गंधालीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती संगणकावर घरूनच काम करते आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला ‘इश्यू’ म्हणते. गॅस संपला की इश्यू, मी रागावले की इश्यू. तिने या इश्यूवर तत्काळ उपाय काढला: बॉयकट. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर त्या वेणीला कात्री लागणार नाही. भार्गवला विचारलं तर तुमचा भाचा नेहमीचंच बोलला, “आई, छोड़ो ना.” या माणसाला मी मराठी शाळेत घालायला हवं होतं. कॉन्व्हेंटात घातला आणि ना मराठी आली ना इंग्रजी. ‘छोड़ो ना’ तेवढं आलं.

त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेलो. पोरसवदाच आहे. म्हणाली, घाबरायचं काही नाही, केस कापायची गरज नाही. औषध लावा, बारीक फणीने विंचरा, आठवड्याने पुन्हा लावा. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोकं सुटलं की एखाद-दोन दिवसांत मरते. डोक्याला डोकं लागलं किंवा हातोहात कंगवा फिरला तरच ती पुढे जाते. (म्हणजे तुमच्या पेटीवर संशय नको. तिथे डांबरगोळ्यांखेरीज कुणी जिवंत राहिलं नसेल.) मग म्हणाली, घरातल्या सगळ्यांची डोकी पाहून घ्या. मी म्हटलं, हो, या दोघांची पाहू. ती म्हणाली, “आणि आजी, तुमचंही.” मी हसले. बँकेत एखादा मॅनेजर मला ‘मॅडम, आधी चहा’ म्हणायचा तेव्हा मी जशी हसायचे, तशी. तिने पुन्हा विचारलं नाही.

फणी आणायला गोल बाजारात मी स्वतः गेले. दुकानदाराला हळूच सांगितलं, बारीक दातांची कंघी द्या. तो भर दुकानात ओरडला, “माताजी को जुएँ वाली कंघी दिखाना रे!” शेजारी मंडळाच्या खजिनदारीणबाई स्टीलचे डबे पाहत होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. मी म्हटलं, “कुत्ते के लिए चाहिए.” लगेच तो कुत्र्याचा मोठा थोरला ब्रश घेऊन आला, आणि खजिनदारीणबाई कौतुकाने विचारू लागल्या, कधी पाळलात, नाव काय? नाव मोती सांगितलं. आता त्या मोतीला पाहायला येणार आहेत. ब्रश घरात पडला आहे, फणी अजून आलेली नाही.

आता तपासाकडे वळते. वन्सं, मी आयुष्यभर बँकेच्या तपासणी विभागात होते. दुसऱ्याच्या शाखेत जायचं, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवायचं आणि दोष कुठून सुरू झाला ते हुडकायचं. हात शिवशिवत होतेच. आधी घरकामाच्या भीमाबाईला विचारलं (तिचं ‘हव’ म्हणजे छत्तीसगढीत ‘हो’). तुझ्या डोक्यात आहेत का? ‘हव.’ पोरांच्या? ‘हव.’ म्हणजे नाहीत ना? ‘हव.’ मग पदर बाजूला करून तिने मला स्वतःचं डोकं दाखवलं. स्वच्छ होतं, आणि चमेलीच्या तेलाचा वास येत होता. मी जरा ओशाळले. तिने केर पुढे चालू ठेवला.

मग मला आठवलं, कार्यक्रमानंतर तिळगूळ घेताना पिंकी डोकं खाजवत होती. झालं. पुरानी बस्तीतली पोर, गल्लीत घराला घर लागलेलं, डोक्याला चोपडून तेल. मला वाटलं, सापडलं. आमच्या कॉन्व्हेंटात दर सोमवारी सिस्टर दोन पेन्सिली घेऊन यायच्या आणि आमचे केस भांगाभांगातून उलगडून पाहायच्या. बोट लावायच्या नाहीत. ज्या मुलीजवळ त्या पेन्सिली थबकायच्या, तिच्याबरोबर त्या दुपारी कुणी डबा खात नसे. माझ्याजवळ त्या कधी थबकल्या नाहीत. त्याचा मला इतका अभिमान होता की स्वच्छता आणि इंग्रजी या दोन्ही गोष्टी एकाच हाताने मिळतात अशी माझी समजूत झाली. ती साठ वर्षं टिकली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी चांगल्या इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले. कुणाचंही नाव घेतलं नाही. एवढंच लिहिलं की जुन्या शहराच्या दाट वस्तीतून येणाऱ्या एका मुलीच्या घरच्यांनी आपली जबाबदारी ओळखावी, विशेषतः जिथे आईवडील जवळ नाहीत. खाली बावीस अंगठे आले. बँकेत माझ्या अहवालाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात पिंकीला वेगळ्या बाकावर बसवलं. शेवटच्या. एकटीला. त्या आठवड्यात श्रावणी घरीच होती. शाळेत गेली तेव्हा तिला ते दिसलं. शाळा सुटल्यावर ती घरी आली, दप्तर ठेवलं, आणि मला विचारलं, “आजी, वो मेसेज आपने लिखा?” मी म्हटलं, हो, सगळ्यांच्या भल्यासाठी. ती काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. गादी ओढत घेऊन गेली.

आणि काल, रविवारी सकाळी, फाटकाशी रिक्षा थांबली. पिंकीची आजी, शांताबाई. नवरा श्यामराव रेल्वेत गार्ड होते, ते गेले. मुलगा-सून कामाला गुजरातेत. बाई बडनेऱ्याच्या, अंगाने माझ्या दुप्पट, आणि आवाज असा की इंजिनाला शिट्टीची गरज नाही. एका हातात पिंकी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत जुनं पांढरं धोतर आणि लाकडी फणी. मी ‘या’ म्हणायच्या आत त्या आमच्या पायरीवर, उन्हात बसल्या. आमच्या गल्लीत एरवी रविवारी दहापर्यंत कुणी उठत नाही, पण काल सगळ्यांना आपापल्या कुंड्यांना पाणी घालायचं होतं.

“मॅडम, ते ग्रुपात तुमीच लिवलं ना?”

मी म्हटलं, मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं.

“नाव नाई घेतलं, पन पत्ता त पुरा देला.” त्यांनी धोतर मांडीवर पसरलं. “आता माह्या पोट्टीचं डोक्सं तुमच्यासमोर इंचरतो. मंग तुमच्या घरचे सारे डोके पाहू. ऊ काय पुरानी बस्तीचं रेशन कार्ड घेऊन फिरून राहिली काय?”

पिंकीच्या डोक्यातून निघाल्या. मी म्हटलं, पाहा. त्या म्हणाल्या, “हाव ना, हायेत. मी कोठं नाई म्हनलं? आनखी बोलवा.” श्रावणी न बोलावता आली आणि पिंकीच्या पुढ्यात बसली. दोघी पुढेमागे, आळीपाळीने एकमेकींच्या डोक्यात बोटं घालून, आणि मग त्यांचं जे कुजबुजणं सुरू झालं ते थांबेना. (शांताबाईंना सगळंच बरोबर कळतं असं नाही. त्यांच्या मते उवा काळजीच्या घामातून होतात आणि रॉकेलने जातात. रॉकेलचं नाव काढल्याबरोबर गंधाली खिडकीतून किंचाळली.) मग त्यांनी गंधालीला तिच्या संगणकावरून उठवून आणलं. एकही नाही. भार्गवच्या डोक्यावर मुळात पाहण्यासारखं थोडंच उरलं आहे, तिथेही नाही. “नवराबायकोचे दोन्ही डोके साफ,” शांताबाईंनी गल्लीला जाहीर केलं. गंधालीला सुटल्यासारखं वाटलं असावं. मला आधी हसू आलं, मग नाही आलं. डॉक्टरणीचं बोलणं आठवलं, डोक्याला डोकं लागल्याशिवाय ती पुढे जात नाही. आमच्या घरात संध्याकाळी ही दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना, आपापला फोन घेऊन बसतात. माझा मुलगा, माझी सून, दोघंही गुणी. पण त्यांची डोकी शेवटची एकत्र कधी आली असतील, याचा मी पायरीवर उभी राहून विचार करत होते. आपल्या वेळी असा कुणी आपल्याबद्दल विचार केला नसेल, कारण आपल्या घरात खोल्याच तेवढ्या नव्हत्या.

तेवढ्यात शांताबाईंनी पायरीवर हात आपटला. “आता तुमी बसा.”

मी म्हटलं, माझा काय संबंध.

“बसा ना वं माय. ऊ काय पेन्शन पाहून चावते?”

मी ‘सर्टनली नॉट’ म्हटलं (रागावले की मला अजून सिस्टरांचं इंग्रजी येतं) आणि चहा टाकायला आत गेले. श्रावणी तेव्हा माझ्याकडे पाहत होती. अर्थात मी बसले नाही. वयाचा, शिक्षणाचा काही मान असतो की नाही? चहा घेऊन ती मंडळी गेली. पिंकी अजून शेवटच्या बाकावरच बसते. पण त्याला मी काय करणार, शाळा माझी नाही.

असो. तुमच्या नातवाच्या, विशालच्या लग्नाला आम्ही सगळे येऊच. तुम्ही उन्हात बसताना डोक्यावर पदर घेत जा. नीलकंठला आशीर्वाद.

तुमची,
गोदावरी

ता. क. पाकीट पहाटेच चिकटवलं होतं. तिकीटही लावलं होतं. पुन्हा फाडलं. खोटं बोलू नये हे सिस्टरांनी शिकवलं, आणि ते त्यांच्या पेन्सिलींपेक्षा खोल गेलं आहे असं दिसतं. मी वर लिहिलं की मी बसले नाही. बसले.

चहाचं आधण ठेवलं होतं, तेव्हा श्रावणी स्वयंपाकघरात आली. इतक्या दिवसांनी बोलली (वर ‘बोलत नाही’ लिहिलं तेही खरं नव्हतं), आणि तेही हळू. “आजी, पिंकी तो सबसे लास्ट में थी ना. उसके बाद किसी ने पहना ही नहीं.” मी म्हटलं, मग? “सबसे पहले किसने पहना था?”

वन्सं, त्या सकाळी मी तुमचं गंगावन ‘नीट बसतं का पाहायला’ लावलं नव्हतं. माझे केस तुम्हाला ठाऊक आहेत, निवृत्तीनंतर पेन्शन राहिली आणि ते गेले. अंबाडा घातला आणि आरशासमोर बसले. मग पैठणी काढली. मग खोलीत फेऱ्या मारल्या, मान वळवून वळवून. चांगला तासभर तरी गेला असेल. श्रावणी दारात उभी होती हे फार उशिरा दिसलं. ती म्हणाली, “आजी, ब्यूटीफुल.” मला इतकी लाज वाटली की मी तिच्या हातात चिक्की ठेवली आणि सांगितलं, कुणाला सांगायचं नाही. तिने नाही सांगितलं. तिच्या मैत्रिणीला एकटीला बसवलं तरी नाही सांगितलं. आईला नाही, शाळेत नाही. मला वाटत होतं ती माझ्यावर चिडून गप्प आहे. ती मला दिलेला शब्द पाळून गप्प होती, आणि चिडली होती ती त्यासाठीच. आणि मार्गशीर्षापासून माझं डोकं खाजत होतं. मी दोष दिला थंडीला, मग सुनेच्या शाम्पूला. तपासायला गेलेला माणूस आपली स्वतःची शाखा तपासत नाही.

गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले, गल्लीसमोर, सगळ्या कुंड्यांसमोर. शांताबाईंनी माझ्या डोक्यावरचा पदर काढला, आकडे काढले. पांढऱ्या धोतरावर जे पडलं ते मी पाहिलं नाही, श्रावणीने पाहिलं. “आजी! आपके तो मेरे से भी ज़्यादा निकले!” असं म्हणून ती टाळ्या पिटत पिंकीला दाखवायला लागली. मला पहिला नंबर मिळाल्यासारखी. शांताबाई म्हणाल्या, “पाहा, पोट्टी बोलली.” मग त्यांच्या बोटांनी पुढे काय केलं मला सांगता येत नाही. हे गेल्यापासून, खरं तर त्याच्याही फार आधीपासून, कुणी माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. उन्हात बसल्या बसल्या मला झोप लागली. मान त्यांच्या गुडघ्यावर. गंधाली सांगते, मी घोरत होते.

आज सकाळी ग्रुपवर लिहिलं. या वेळी इंग्रजीत एकच वाक्य, आणि त्यात नाव घेतलं, स्वतःचं. एकही अंगठा आला नाही. मग श्रावणीबरोबर शाळेत गेले, मुख्याध्यापिकाबाईंना तेच तोंडी सांगितलं, आणि त्यांनी पिंकीचा बाक हलवेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. गादी संध्याकाळी माझ्या खोलीत परत आली आहे. उशी मात्र गंधालीच्या हुकमाने आठवडाभर वेगळी.

ता. क. तुमच्या गंगावनाबद्दल. डॉक्टरणीने गरम पाण्यात टाका म्हटलं होतं. मी जरा जास्तच गरम केलं, आणि कडुलिंबही घातला. आता त्याचा रंग नारळाच्या शेंडीसारखा झाला आहे आणि जाडीही. तुम्ही ते विशालच्या लग्नासाठी परत मागितलं आहे, माहीत आहे. तुमचे इतक्या वर्षांचे जपलेले केस होते. काय लिहावं कळत नाही. खजिनदारीणबाई मोतीला पाहायला आल्या तर दाखवायला काहीतरी आहे, एवढंच. रागवा, पण स्पीकर बंद करून रागवा.

ता. क. ज्याच्यासाठी दार लोटून घ्यायला सांगितलं ते आता. मार्गशीर्षात तुम्ही इथे होतात, आणि पोरं झोपल्यावर आपण दोघी माझ्या पलंगावर ती मालिका पाहायचो. इअरफोनची वायर एकच होती. एक टोक तुमच्या कानात, एक माझ्या, डोक्याला डोकं लावून. तुम्ही तिथून गेलात आणि माझं खाजणं सुरू झालं. कुणाकडून कुणाकडे, हे मी काढणार नाही. तपासणी विभाग मी कायमचा बंद केला आहे. पण परवा फोनवर तुम्ही म्हणालात ना, हिवाळ्याने डोकं कोरडं पडलंय, सारखं खाजतं?

सुनेला दाखवायचं जड जात असेल तर मला कळतं. सरळ गाडीत बसा. रविवारी सकाळी आमच्या पायरीवर ऊन छान येतं. येताना तुमच्या महाल बाजारातून शांताबाईंसाठी एक लाकडी फणी आणा, माझ्या डोक्यात त्यांच्या फणीचा दात तुटला. मी त्यांना सांगून ठेवलं आहे की पुढच्या रविवारी माझ्या बरोबरीचं आणखी एक डोकं आहे, घराणं मोठं आहे, आधी बसायला नाही म्हणेल.